डिकीतली मुदत ठेव

आमच्या वॅगन-आरची चार चाकं रामदासपेठेतला एकेक गतिरोधक पाठ असल्यासारखी ओलांडतात. पंचशील चौक, लोकमत चौक, सेंट्रल बाजार रोड, लेंड्रा पार्कच्या बाजूची गल्ली, सगळं त्यांच्या पायाखालचं आहे. पाचवं चाक मात्र जवळपास सोळा वर्षं रामदासपेठेत राहून रामदासपेठेच्या रस्त्याला कधी टेकलेलं नव्हतं. ते डिकीतल्या चटईखाली उताणं पडून होतं. २००९ च्या दसऱ्याला गाडी घरी आणली तेव्हा चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. पाचव्यासाठी लिंबू आणायचं कोणाला सुचलं नाही. त्याच्या नशिबात रस्ता नाही हे तेव्हाच ठरलं असावं.

मला या चाकाचा अभिमान होता. मधल्या काळात चालत्या चाकांचे टायर दोनदा बदलून झाले. दोन्ही वेळा दुकानदाराने विचारलं, ‘‘स्टेपनीचं काय?’’ आणि दोन्ही वेळा मी छाती काढून म्हणालो, ‘‘ती नवीच आहे.’’ लोकांच्या घरात न वापरलेला चांदीचा तांब्या असतो, आमच्या डिकीत न वापरलेली स्टेपनी होती. मी जन्मभर बँकेत नोकरी केली. हात न लावलेली रक्कम वाढतच असते, हा माझा पिंडच झालेला.

गेल्या एप्रिलमध्ये भाचीचं लग्न छत्रपती संभाजीनगरला ठरलं. समृद्धी महामार्गाने जायचं ठरलं. आणि एका दुपारी, कूलरसमोर बसून आमरस आटवता आटवता, बायकोने विचारलं, ‘‘अहो, स्टेपनीत हवा आहे का?’’

‘‘आहे की.’’

‘‘कधी भरली?’’

‘‘२००९.’’

ती काही बोलली नाही. तिने फक्त गॅस बंद केला. बत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईने गॅस बंद केला की समजावं, आता प्रात्यक्षिक आहे.

संध्याकाळी पार्किंगमध्ये डिकी रिकामी करायला घेतली. स्टेपनीपर्यंत पोचणं म्हणजे उत्खननच. सगळ्यात वर पिशव्यांची पिशवी. तिच्याखाली एक सतरंजी, गणपती विसर्जनाचा पाट, माहूरच्या वाटेवर घेतलेली छत्री, एका पायाची चप्पल, गाडी पुसायचं फडकं आणि ते फडकं घाण होऊ नये म्हणून त्याला गुंडाळलेलं दुसरं फडकं. त्याखाली चटई. चटईखाली ती.

चौकीदाराने ती उचलून बाहेर काढली आणि त्याचे डोळे विस्फारले. ‘‘साहेब, हे तं एकदम नवंकोरं हाये जी! केसं बी नाही गेले अजून!’’

खरंच होतं. नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात. टायर साच्यात भाजतात तेव्हा आतली हवा निघून जायला साच्यात छिद्रं ठेवलेली असतात. त्या छिद्रांत रबर शिरतं आणि त्याचे हे केस होतात. रस्त्यावर चार दिवस फिरलं की झडतात. आमच्या स्टेपनीचे सगळे जिथल्या तिथे होते. सोळा वर्षांची घोडी झाली, पण जावळ काढायचं राहूनच गेलेलं.

मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती चष्मा लावून टायरच्या कडेवर काहीतरी शोधत होती.

टायरच्या अंगावर इतकं लिहिलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. रुंदी, उंचीचं प्रमाण, रिमचा व्यास, वजन झेलायची ताकद, वेगाची मर्यादा, आयएसआयचा शिक्का. ‘७५’ असा एक आकडा होता. त्याचा अर्थ, हा एक टायर ३८७ किलो वजन पेलतो. आणि कडेच्या एका लंबगोल चौकटीत चार आकडे होते : २३०९.

‘‘हा काय, पिनकोड?’’ मी विचारलं.

‘‘जन्मतारीख,’’ ती म्हणाली. ‘‘पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २००९ सालचा तेविसावा आठवडा. म्हणजे जूनचा पहिला. मृग लागायच्या तोंडावर झालेली आहे. मृग आला की सोळा पूर्ण होतील.’’

सन २००० च्या आधी या चौकटीत तीनच आकडे असत. दोन आठवड्याचे, एक वर्षाचा. म्हणजे शेवटी ८ दिसला तर टायर १९८८ चा की १९९८ चा, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. वय लपवायची ही सोय टायरांकडून कायमची काढून घेण्यात आली. टायर विकत घेताना नक्षी पाहणारे पुष्कळ, भाव पाडून मागणारे त्याहून जास्त, पण हे चार आकडे वाचणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. तो माझ्याच घरात निघावा, हा योग.

‘‘पण वापरलीच नाही तर जुनी कशी होईल?’’ मी विचारलं. हा प्रश्न बँकेतला आहे. धूळ बसलेली कोरी वही आमच्याकडे कोरीच धरत.

त्यावर पार्किंगमध्ये उभ्या उभ्या माझा तास झाला. हवेतला ओझोन रबराला चावतो. म्हणून टायरच्या मिश्रणात कारखान्यातच मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं घालून ठेवतात. टायर रस्त्यावर फिरतो, दबतो, सुटतो, तसतसं ते मेण आतून हळूहळू वर येतं आणि टायरवर त्याचा पातळ थर धरतो. जो टायर फिरतच नाही त्याला ही मालिश मिळत नाही. मेण आतच राहतं आणि कातडी तडकते. शिवाय १८३९ साली चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक घालून तापवलं आणि चिकट रबराचं टणक रबर केलं, ते गंधकाचं काम कारखान्यातून बाहेर पडल्यावरही पुरतं थांबत नाही. ऊन मिळालं की आतली वीण आणखी घट्ट होत जाते आणि रबर कडक पडतं.

‘‘तापमान दहा अंशांनी वाढलं की असल्या क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ ठोकताळा,’’ बायको म्हणाली. ‘‘आणि तुम्ही गाडी ठेवता कुठे? उन्हात. कुठे? नागपुरात.’’

याला उत्तर नव्हतं. पंचेचाळीस अंशांच्या घरातल्या दुपारी बंद गाडीच्या डिकीत काय होत असेल याची कल्पना त्याच डिकीत एकदा विसरलेल्या सोनपापडीच्या डब्याने मला दिली होती. म्हणजे आमची स्टेपनी सोळा वर्षं विश्रांती घेत नव्हती, मंद आचेवर शिजत होती. (तो गुडइयर कर्जात बुडून मेला आणि त्याच्या नावाची प्रसिद्ध टायर कंपनी त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी दुसऱ्याच लोकांनी काढली. हे बायकोने जाता जाता सांगितलं, पण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. कर्जदार म्हटला की माझं मन अजून हळवं होतं.)

खरं तर नागपूरचा माणूस काही बदलाच्या विरोधात नाही. मार्च संपत आला की कूलर बाहेर निघतो, जुना वाळा फेकला जातो आणि नवा बसतो. ‘गेल्या वर्षीचा वाळा आठच दिवस वापरला होता’ असा युक्तिवाद कोणी करत नाही. कारण वाळा नाकाला कळतो. स्टेपनीला वास नाही, आवाज नाही, खर्च नाही, ती वाटेतही येत नाही. घरातला सिलिंडर संपला की दुसऱ्या सिलिंडरची आठवण होते. रामदासपेठेतली वीज गेली की मेणबत्ती शोधतात. पण ज्याचं पंक्चर कधी झालंच नाही, त्याने स्टेपनीची आठवण काढायची कोणत्या निमित्ताने? अडचण आपल्या सुदैवाची होती.

आता या नावाचं थोडं सांगून टाकतो. सुरुवातीच्या काळात मोटारीबरोबर जादा चाक येतच नसे. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवायचा, ट्यूब जोडायची, पुन्हा चढवायचा. वेल्समधल्या लानेल्ली गावात डेव्हिस नावाच्या भावांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्यांनी १९०४ च्या सुमारास हवा भरलेल्या टायरसह एक आरे नसलेली जादा धाव तयार केली. पंक्चर झालेल्या चाकाच्या कडेला ती अडकवून घरापर्यंत पोचता येई. दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याचं नाव स्टेपनी स्ट्रीट. ते नाव मालाला चिकटलं आणि मालाबरोबर जगभर गेलं. गंमत म्हणजे खुद्द इंग्रज आज तो शब्द विसरले. आपण, बांगलादेश आणि माल्टा यांनी तो जपला, आणि ब्राझीलमध्येही त्याचंच बदललेलं रूप चालतं. हाच शोध आमच्या सीताबर्डीत लागला असता तर आज ब्राझीलमधला माणूस डिकीत बर्डी घेऊन हिंडला असता. शब्दाचे आपल्याकडे आणखी दोन-चार अर्थ झाले, त्यातला एक राजकारणातला आहे आणि एक घरात मोठ्याने बोलायचा नाही. सगळ्या अर्थांत भाव एकच : लागेल तेव्हा बोलावू, तोवर दिसू नकोस.

बायकोने प्रश्न टाकला तो मात्र सोपा नव्हता. बदलायची, पण कधी? चालता टायर कधी बदलायचा ते टायरच सांगतो. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की संपलं. त्याच्याही पुढे गेला की टायर गोटा होतो, आणि गोटा तर आंधळ्यालाही बोटांनी कळतो. न चालणाऱ्या टायरची नक्षी मात्र कायम परीक्षेला न बसलेल्या मुलाच्या पाटीसारखी. स्वच्छ.

मग मी हिशेबाला बसलो. बऱ्याच मोटार कंपन्या सांगतात, सहा वर्षं झाली की टायर बदला, स्टेपनीसुद्धा. टायर कंपन्या जरा उदार. त्यांतल्या मोठ्या कंपन्या म्हणतात, दहा वर्षांच्या पुढे कितीही चांगला दिसला तरी काढाच, आणि त्यात स्टेपनी मोजा. विलायतेत सुट्टीचं घर गाडीच्या मागे जोडून फिरणारी मंडळी आहेत. ती त्यांची कॅरॅव्हॅन वर्षातले दहा महिने अंगणात उभी असते. तिचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. त्यामुळे या लोकांत पाचव्या वर्षी बदलाच्या विचाराला लागा आणि सातवं ओलांडू नका, असा जुना सल्ला आहे. (आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. तेव्हा हा सल्ला जपून ठेवावा, उपयोगी पडेल.) माझ्या ओळखीचा हिशेब मात्र रिझर्व्ह बँकेचा. खात्यात दोन वर्षं काही हालचाल नसली की ते निष्क्रिय. दहा वर्षं नसली की त्यातली रक्कम उचलून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत टाकतात. मुंबईतले आणि टायरच्या कारखान्यातले शहाणे एकमेकांना न विचारता दहा वर्षांवर येऊन थांबले, हे वाचून मी पहिल्यांदा जरा सरसावून बसलो.

आणि मग बायकोने ती इंग्लंडमधली गोष्ट सांगितली. २०१२ साली तिथे एका बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन माणसं गेली. टायरची नक्षी कायद्यात बसत होती. टायर एकोणीस वर्षांचा होता, त्या बसपेक्षाही जुना. पुढे २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर घालायला बंदी झाली. यानंतर मी ‘नवीच आहे’ हा शब्द वापरला नाही.

तरी पण मनाची तयारी होईना. अशा वेळी रामदासपेठेतला माणूस जे करतो तेच मी केलं. सेकंड ओपिनियन घेतलं.

रामदासपेठ आणि शेजारची धंतोली म्हणजे नागपूरचं नाडीकेंद्र. अख्खा विदर्भ, शिवाय मध्य प्रदेश आणि छत्तीसगडची माणसं कागदांच्या फायली पोटाशी धरून इथे उतरतात. जुने बंगले पाडून जे फ्लॅट झाले त्यांतही खाली पाट्या डॉक्टरांच्या आणि वर घंट्या डॉक्टरांच्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये चार आहेत. रविवारी सकाळी स्टेपनी पार्किंगमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली होती, आणि राउंड घेतल्यासारखे एकेक जण येत गेले.

दुसऱ्या मजल्यावरचे कातडीचे डॉक्टर आधी आले. त्यांनी वाकून कडेच्या बारीक भेगा पाहिल्या, नखाने हलकेच खरवडल्या. ‘‘ऊन, कोरडेपणा आणि वय,’’ ते म्हणाले. ‘‘यावर क्रीम नाही.’’

हृदयाचे डॉक्टर पाठोपाठ आले. त्यांनी प्रेशर किती, एवढंच विचारलं. मी काचीपुऱ्यातल्या पंक्चरवाल्याकडून मोजून आणलं होतं. ‘‘नऊ पौंड.’’ पाहिजे होतं तीसच्या वर. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. ‘‘नऊ? आणि पेशंट अजून डिकीत होता?’’

भूलतज्ज्ञ म्हणाले की सोळा वर्षं ती गाढ झोपलीच आहे, त्यांना करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि फिरायला निघून गेले.

तिसऱ्या मजल्यावरचे हाडांचे डॉक्टर मात्र थांबले. नव्वद किलोचा भारदस्त माणूस. बोलणंही तसंच. मी त्यांना नक्षी दाखवली, केस दाखवले. ‘‘झीज शून्य, डॉक्टर!’’

‘‘झीज नाही म्हणजे हाड उत्तम, असं कोणी सांगितलं तुम्हाला?’’ ते म्हणाले. ‘‘पलंगावर पडून राहिलेल्या माणसाची हाडं सगळ्यात लवकर ठिसूळ होतात. ज्याच्यावर भार पडत नाही ते कमजोर पडतं. वापर नाही तर ताकद नाही. माझं ऐका, रिप्लेसमेंट.’’

हाडांच्या डॉक्टरांकडून दुसरं काही ऐकू येईल अशी अपेक्षाच नव्हती. तरी मी विचारलं, ‘‘तुम्ही तुमची कधी बदलली?’’

‘‘मला नाहीच स्टेपनी,’’ ते प्रसन्नपणे म्हणाले.

त्यांची नवी गाडी आमच्या शेजारीच उभी असते, आमच्या गाडीची ती सावली वाटावी की आमची गाडी तिची किल्ली वाटावी, एवढा फरक. २०२० च्या जुलैत केंद्राने नियम केला : ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीची पेटी दिली असेल, तर अशा गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल. जागा वाचते, वजन वाचतं. डॉक्टरांच्या डिकीत ती पेटी होती. एक बाटली, त्यात चिकट द्रव, आणि हवा भरायचा छोटा पंप. ‘‘दहा मिनिटांत काम,’’ ते म्हणाले. ‘‘सलाइन लावल्यासारखं.’’

शेवटचा निकाल त्या काचीपुऱ्यातल्या पंक्चरवाल्याचा. त्याने आदल्या दिवशी स्टेपनीत पस्तीस पौंड हवा भरून दिली होती. दुसऱ्या दिवशी वीस उरली. त्याने साबणाचं पाणी लावलं. व्हॉल्व्हच्या मुळातून बारीक बुडबुडे आले, मग कडेच्या एका भेगेतूनही. त्याने पान्याने टायरला एक टोला दिला आणि आवाज ऐकला. नारळ घेताना बायका ऐकतात तसा.

‘‘गेली जी ही.’’

‘‘अरे, पण वापरलीच नाही!’’

‘‘वापरली नाही म्हणूनच तं गेली ना, साहेब. चालते थे टायर टिकते. पडून राह्यते थे सडते.’’ मग माझं तोंड बघून त्याने जरा सांत्वन केलं. ‘‘नवं घेतलं तं डिकीत कायले टाकता? चालत्या चौघांतलं बरं पाहून एक डिकीत टाका, अन् नवं रस्त्यावर येऊ द्या.’’

सल्ला शहाणपणाचा होता. पण टायरच्या दुकानदाराने त्याला फाटा फोडला. एका बाजूला नवा आणि जोडीला जुना, असं नको. घेतलेत तर दोन घ्या. दोन म्हणजे सहा हजार. मी जन्मभर लोकांचे कर्जाचे अर्ज परत पाठवले आहेत, हाही पाठवला. एकच घ्यायचा आणि डिकीतच ठेवायचा, असं ठरलं.

आता माझी पाळी होती. दुकानदाराने टायर पुढे केला तसा मी भाव न विचारता जन्मतारीख वाचली. ०९२५. दुकानदार चपापला. मागे उभी असलेली बायको खूष झाली. मी तिथेच मनातल्या मनात हिशेब मांडला. २०२५ चा नववा आठवडा, अधिक सहा वर्षं, म्हणजे ही स्टेपनी २०३१ च्या मार्चपर्यंत. आमच्या गाडीची पंधरा वर्षं २०२४ मध्ये भरली, पर्यावरण कर भरून, तपासणी करून आरटीओने आणखी पाच वर्षं वाढवून दिली, म्हणजे गाडी २०२९ पर्यंत. आणि माझं लायसन्स? पंचावन्न ओलांडलेल्याला एका वेळी पाचच वर्षं मिळतात. माझं २०२३ मध्ये मिळालं, २०२८ ला संपतं.

म्हणजे आधी मी जाणार, मग गाडी, आणि सगळं आटोपल्यावर दीडेक वर्ष स्टेपनी एकटीच काढणार.

‘‘जरा जुनी तारीख नाही का?’’ मी दुकानदाराला विचारलं. ‘‘साधारण २०२२ ची? भावात थोडं कमी करून?’’

असं विचारणारं गिऱ्हाईक त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं असणार. बायकोने माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि पैसे दिले.

लग्नाला निघालो. शिवमडक्याहून समृद्धीला लागलो. २०२२ च्या ११ डिसेंबरला या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. मुंबईकडे जाणारा पूर्ण रस्ता ७०१ किलोमीटरचा. मोटारींना ताशी १२० ची परवानगी. सरळ, सिमेंटचा, झाडाची सावली म्हणाल तर शोधावी लागते. हवा कमी असलेला टायर अशा रस्त्यावर तासन् तास पळवला की त्याच्या कडा प्रत्येक फेऱ्यात दबतात-सुटतात, आत उष्णता साठत जाते आणि एका क्षणी टायर हात वर करतो. २०२३ मध्ये परिवहन खात्याने या रस्त्याच्या तोंडाशी गाड्यांचे टायर तपासायला घेतले होते, गोटा टायरवाल्यांना परतही पाठवलं होतं. मी मनोमन तपासणीची वाट पाहत होतो. डिकी उघडून दाखवायची होती ना.

कोणी अडवलं नाही. मी ऐंशीने चाललो होतो. वर्धा गेलं, कारंजा गेलं, मेहकर गेलं. एकेक चाक सुतासारखं सरळ. तुम्हाला म्हणून सांगतो, मेहकरच्या पुढे माझ्या मनात एक पाप आलं. एखादं छोटंसं पंक्चर व्हायला काय हरकत आहे? फार नको. सावलीत. चहाच्या टपरीजवळ. तीन हजार रुपये दिले आहेत आपण.

‘‘काही होत नाहीये,’’ मी म्हणालो.

‘‘मग?’’ बायको म्हणाली.

‘‘नाही, म्हटलं, काही होत नाहीये.’’

लग्न छान झालं. परत आलो. स्टेपनीच्या नव्या टायरचेही केस शाबूत. आता जुन्याचा प्रश्न उरला होता. भंगारवाल्याने पन्नास रुपये सांगितले. सोळा वर्षांच्या सहवासाचे पन्नास! मी नाही म्हणालो. गच्चीवर ठेवावा तर पावसात पाणी साठून डेंग्यूच्या डासांची सोय होते. जुना टायर म्हणजे त्यांचं आवडतं प्रसूतिगृह. शेवटी चौकीदाराच्या खोलीबाहेर, पत्र्याखाली, कोरड्यात तो आडवा ठेवला. चौकीदाराने दोन दिवस त्याच्याकडे आदराने पाहिलं, तिसऱ्या दिवशी त्याच्यावर ओलं फडकं वाळत घातलं.

आणि जूनच्या एका रविवारी सकाळी खालून आवाज आला. हाडांच्या डॉक्टरांची गाडी फाटकातून आत घेताना फुटपाथच्या कडेला घासली होती. टायरची कड चांगली चार बोटं फाटली होती. डॉक्टरांनी ऐटीत ती पेटी काढली, बाटली काढली, पंप जोडला. चिकट द्रव एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने शांतपणे फरशीवर आला. त्या पेटीचा उपयोग नक्षीच्या भागातल्या बारीक छिद्राला. कड फाटली की ती हात टेकते. हे पेटीवरच लिहिलेलं होतं. चौकीदाराने वाचून दाखवलं.

माझ्या आयुष्यात असे क्षण थोडे आले. मी आमची डिकी उघडली, पिशव्यांची पिशवी बाजूला केली, सतरंजी, पाट, चटई दूर केली आणि नवीकोरी स्टेपनी दोन्ही हातांनी उचलून डॉक्टरांच्या गाडीशेजारी नेऊन ठेवली. सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी. तेरा इंची स्टेपनी त्या अठरा इंची चाकाशेजारी आजीच्या कुशीत नातवंड बसावं तशी दिसत होती. आमच्या चाकाला चार बोल्ट, त्यांच्याला पाच. कातडीचे डॉक्टर वरून म्हणाले, ‘‘रक्तगट जुळत नाही!’’

गाडी उचलून न्यायला येणाऱ्या माणसाने फोनवर पाऊण तास सांगितला. डॉक्टर घामाघूम झाले होते. खुर्ची आणायला चौकीदार वळला, तोवर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पत्र्याखालच्या जुन्या टायरवरचं फडकं बाजूला करून त्याच्यावर बसकण मारली.

३८७ किलोंसाठी घडवलेल्या त्या टायरवर त्याच्या सोळा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच भार पडला. टायर जरासुद्धा दबला नाही. डॉक्टरांनी बसल्या बसल्या दोनदा उडी मारून पाहिलं. मग खाली वाकून नक्षीवरून बोट फिरवलं, केस चिमटीत धरून पाहिले, कौतुकाने मान हलवली आणि माझ्या बायकोसमोर, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

‘‘अहो, ही तर दणकट आहे चांगली! उगाच बदलली तुम्ही.’’